एकाच राज्याच्या तीन टीम्स सेमीफायनलला! नॉर्थ कॅरोलिनाच्या कॉलेज सॉकरची गोष्ट

नमस्कार मंडळी! आज थेट विषयाला हात घालते. डिसेंबर २०२४. अमेरिकेतल्या मुलींच्या कॉलेज सॉकरची नॅशनल चॅम्पियनशिप. टॉप लेव्हलला, म्हणजे डिव्हिजन वनला, देशभरातली साधारण साडेतीनशे कॉलेजं खेळतात, त्यातल्या ६४ टीम्सना या स्पर्धेत एंट्री मिळते, मग नॉकआउट सुरू होतं, हरलात की घरी, आणि होता होता सेमीफायनलला उरतात चार. त्या चारमधल्या तीन टीम्स एकाच राज्याच्या होत्या! युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलिना, ड्यूक आणि वेक फॉरेस्ट. चौथी स्टॅनफर्ड, ती बिचारी देशाच्या पार दुसऱ्या टोकाहून, कॅलिफोर्नियातून आलेली. आणि मॅचेस कुठे? कॅरी गावात. म्हणजे तेही नॉर्थ कॅरोलिनातच.

आता हे राज्य काही अवाढव्य नाहीये. लोकसंख्या १ कोटी १० लाखांच्या आसपास, क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी. कॅलिफोर्निया किंवा टेक्सासच्या तीन टीम्स आल्या असत्या तर मी म्हटलं असतं ठीक आहे, तिकडे माणसंच तेवढी आहेत. २०१७ ला फायनल स्टॅनफर्ड विरुद्ध यूसीएलए अशी झाली होती, दोन्ही कॅलिफोर्नियाच्या, तेव्हा कुणाला फारसं नवल वाटलं नाही. पण इथे? म्हणून आज बघायचंय की हे कसं काय झालं.

[स्क्रीनवर नॉर्थ कॅरोलिनाचा नकाशा]

हे बघा. इकडे रॅले, राजधानी, तिथे एनसी स्टेट युनिव्हर्सिटी. त्याला लागूनच कॅरी. इथून वर आलं की डरम, तिथे ड्यूक. डरमपासून जेमतेम १६ किलोमीटरवर चॅपल हिल, तिथे युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलिना, जिला सगळे यूएनसी म्हणतात, मीही आता तेच म्हणणारे. आणि मग हायवेने पश्चिमेला गेलात की विन्स्टन-सेलम, तिथे वेक फॉरेस्ट. रॅले ते विन्स्टन-सेलम अंतर पुणे-मुंबईपेक्षा थोडंसंच जास्त आहे. एवढ्या पट्ट्यात चार युनिव्हर्सिट्या, चौघी एकाच कॉन्फरन्समध्ये, म्हणजे एकमेकींशी नेहमी खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात, त्या गटाचं नाव एसीसी, म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, आणि चौघीही कधी ना कधी नॅशनल फायनल खेळून आल्यात, मुलींच्या फायनलबद्दल बोलतेय मी. ड्यूक आणि यूएनसीचं वैर तर बास्केटबॉलमुळे जगाला माहितीये, पण सॉकरमधली त्यांची गोष्ट मला स्वतःला जास्त आवडते.

आधी पोस्टसीझन म्हणजे काय ते पटकन सांगते, कारण आपल्याकडे हा प्रकार नसल्यामुळे बरेच जण इथेच अडकतात. सीझन ऑगस्टच्या मध्यात सुरू होतो आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपतो, अडीच महिने फक्त, त्यात साधारण १८-२० मॅचेस. मग प्रत्येक कॉन्फरन्सची आपापली छोटी टूर्नामेंट. त्यातून कॉन्फरन्सचा चॅम्पियन थेट नॅशनल स्पर्धेत जातो, आणि बाकीच्या जागा एक कमिटी भरते, ती बघते की तुम्ही किती जिंकलात, कुणाशी खेळून जिंकलात, तुमचे प्रतिस्पर्धी किती तगडे होते. म्हणजे सोप्या टीम्सना ८-० ने हरवून आकडे फुगवलेत तर त्याला फार किंमत नाही. म्हणूनच एसीसीसारख्या कॉन्फरन्सचा फायदा होतो, तिथे दर आठवड्याला कुणीतरी तगडंच समोर असतं, हरलात तरी त्या हरण्यालाही वजन असतं.

मग ६४ टीम्स, सहा राउंड. वरच्या सीडला, म्हणजे मानांकन वरचं असलेल्या टीमला, घरच्या मैदानावर खेळायला मिळतं, दुसरी आणि तिसरी राउंड तर एकाच वीकेंडला असते, एक मॅच झाली की मध्ये एक दिवस आणि लगेच पुढची. लीग मॅचमध्ये बरोबरी झाली तर ती बरोबरीच राहते, पण इथे निकाल लागलाच पाहिजे, म्हणून १०-१० मिनिटांचा एक्स्ट्रा टाइम आणि तरीही नाही तर पेनल्टी. शेवटच्या चार टीम्सच्या वीकेंडला कॉलेज कप म्हणतात, तो आधीच ठरलेल्या ठिकाणी होतो. आणि हे सगळं १९-२० वर्षांच्या मुली खेळतायत, ज्यांची सेमिस्टरची परीक्षा त्याच डिसेंबरमध्ये तोंडावर असते! २०२४ ला सेमीफायनल ६ डिसेंबरला होत्या आणि फायनल ९ ला, सोमवारी. बसमध्ये, हॉटेलात पुस्तकं उघडून बसलेल्या खेळाडू हे इकडचं अगदी नेहमीचं दृश्य आहे, त्यांचं मला खरंच कौतुक वाटतं.

आता खरी गोष्ट. मला ही सगळी कहाणी तीन फायनल्समधून सांगायचीये, कारण या तिन्ही फायनल्समध्ये दोन्ही टीम्स नॉर्थ कॅरोलिनाच्याच होत्या.

पहिली १९८८ ची. यूएनसी विरुद्ध एनसी स्टेट. स्कोअर ४-१.
दुसरी १९९२ ची. यूएनसी विरुद्ध ड्यूक. स्कोअर ९-१. हो, नऊ! नॅशनल फायनलमध्ये!
तिसरी २०२४ ची. यूएनसी विरुद्ध वेक फॉरेस्ट. स्कोअर १-०.

जिंकलं प्रत्येक वेळी यूएनसीच. पण त्या आकड्यांकडे बघा ना. ९-१ पासून १-० पर्यंत यायला ३२ वर्षं लागली, आणि त्या ३२ वर्षांत शेजारच्यांनी काय केलं तेच तर सांगायचंय.

सुरुवात करावी लागते ती एका माणसापासून आणि इथे आपल्या मराठी मंडळींनी जरा कान टवकारा, कारण हा माणूस जन्मलाय आपल्या मुंबईत! अ‍ॅन्सन डॉरन्स, जन्म १९५१, मुंबई. वडील अमेरिकन, तेल कंपनीत नोकरीला, त्यामुळे बदल्या होत राहायच्या, म्हणून लहानपण भारत, केनिया, इथिओपिया, सिंगापूर, स्वित्झर्लंड असं जगभर गेलं, आणि त्या काळात अमेरिकेत सॉकरला फारसं कुणी विचारत नव्हतं तेव्हा हा मुलगा बाहेरच्या देशांत तो खेळ खेळत मोठा झाला. पुढे शिकायला यूएनसीला आले, तिथल्या टीममधून खेळले, मग मुलांच्या टीमचे कोच झाले आणि १९७९ मध्ये युनिव्हर्सिटीने मुलींची टीम सुरू केली तीही त्यांच्याकडेच दिली.

१९७९ का, तर मागे एक कायदा आहे. १९७२ चा टायटल नाइन. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलामुलींत भेदभाव करता येणार नाही असा तो कायदा, त्यात खेळाचं नाव मुद्दाम घातलेलं नव्हतं पण परिणाम सगळ्यात जास्त खेळावरच झाला. कॉलेजांकडे मुलांच्या अमेरिकन फुटबॉलची भलीमोठी टीम असायची, तिच्यावर मोठी स्कॉलरशिप जायची, मग मुलींना त्या प्रमाणात संधी द्यायची तर मोठी टीम लागणारा एखादा खेळ हवा. सॉकर त्यात चपखल बसला. कित्येक वर्षं नियमच असा होता की डिव्हिजन वनमध्ये मुलींच्या सॉकर टीमला १४ फुल स्कॉलरशिप आणि मुलांच्या टीमला ९.९. बरोबर ऐकलंत, मुलींना जास्त! आपल्याकडे कुणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही.

तर डॉरन्स यांनी लवकर सुरुवात केली हे खरंच, नशीबही होतं, बाकीच्यांच्या टीम्सच नव्हत्या किंवा नुकत्या सुरू होत होत्या. पण नुसतं लवकर येऊन २१ एनसीएए टायटल्स मिळत नाहीत हो, एनसीएए म्हणजे कॉलेजच्या खेळांची देशपातळीवरची संस्था. ही नॅशनल स्पर्धा १९८२ ला सुरू झाली, पहिल्या तिन्ही यूएनसीने जिंकल्या, १९८५ ला फायनलमध्ये जॉर्ज मेसन युनिव्हर्सिटीकडून हरले आणि मग १९८६ ते १९९४ सलग नऊ. सलग नऊ वर्षं! कॉलेजच्या टीममध्ये चार वर्षांत सगळी पोरं बदलतात, म्हणजे अशा कितीतरी मुली असतील ज्या आल्या, चार वर्षं खेळल्या, चारही वेळा जिंकल्या आणि डिग्री घेऊन गेल्या.

हे कसं जमलं त्यातली मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट म्हणजे त्यांची प्रॅक्टिस. चॅपल हिललाच डीन स्मिथ म्हणून बास्केटबॉलचे दिग्गज कोच होते, त्यांची प्रॅक्टिस डॉरन्स यांनी जाऊन बघितली, तिथे प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवली जायची, ती पद्धत त्यांनी उचलली आणि आणखी पुढे नेली. म्हणजे वन ऑन वन ड्रिल आहे, कोण जिंकलं लिहा. हेडिंगमध्ये बॉल कुणाला मिळाला लिहा. स्प्रिंटमध्ये कोण पुढे, शूटिंगमध्ये कुणाचे किती, पासिंग, सगळं, मैदानाच्या कडेला वही घेऊन मॅनेजर उभे, आणि मग त्या सगळ्याची रँकिंग लावून ती सगळ्यांना दिसेल अशी लावायची. पहिल्या नंबरपासून शेवटच्यापर्यंत, नावासकट. तुमची जिवलग मैत्रीण तुमच्या वर आहे की खाली ते रोज भिंतीवर. तो काळ असा होता की मुलींनी एकमेकींशी इतकं उघडपणे भिडावं हे लोकांना विचित्र वाटायचं, आणि त्यांनी त्या मुलींना सांगितलं की भिडा, मैदानावर भिडा, त्यात काही वाईट नाही. अमेरिकेची स्टार खेळाडू मिया हॅम इथूनच घडली, १९८९ ते १९९३, चार टायटल्स, कॉलेजमध्ये १०३ गोल. मधलं १९९१ चं वर्ष ती कॉलेजकडून खेळलीच नाही कारण त्या वर्षी चीनमध्ये बायकांचा पहिला वर्ल्ड कप होता, अमेरिकेने तो जिंकला, फायनलमध्ये नॉर्वेला २-१ हरवून, आणि त्या अमेरिकन टीमचे कोच कोण? डॉरन्सच. मुंबईत जन्मलेला माणूस बायकांच्या पहिल्यावहिल्या वर्ल्ड कपचा विजेता कोच आहे ही गोष्ट आपल्याकडे किती जणांना माहितीये? मला तर ही शाळेच्या पुस्तकात हवी असं वाटतं.

अर्थात एक गोष्ट सांगायलाच हवी, ती गाळून हे कौतुक करणं मला बरोबर वाटत नाही. १९९८ मध्ये दोन माजी खेळाडूंनी त्यांच्यावर आणि युनिव्हर्सिटीवर केस केली होती, मुलींच्या खासगी, लैंगिक आयुष्याबद्दल टीममध्ये बोललं जातं अशी ती तक्रार होती. डॉरन्स यांनी छळाचा आरोप नाकारला, पण प्रकरण दहा वर्षं चाललं आणि २००८ मध्ये समेट होऊन मिटलं. त्या मुलींनी इतक्या मोठ्या माणसासमोर उभं राहणं ही लहान गोष्ट नव्हती.

बरं, आता शेजारी. ड्यूकने मुलींची टीम सुरू केली १९८८ मध्ये आणि चारच वर्षांत फायनलला पोचले, तिथे ते ९-१ झालं. एखाद्याने खेळ सोडून दिला असता! त्यांनी नाही सोडला. २००१ मध्ये रॉबी चर्च कोच म्हणून आले आणि २०२४ पर्यंत राहिले. २०११ ला फायनल, २०१५ ला फायनल, दोन्ही हरले पण पोचले. वेक फॉरेस्टमध्ये टोनी दा लूझ १९९७ मध्ये आले आणि २०२४ लाही तेच कोच होते. आणि डॉरन्स स्वतः ४५ सीझन. तीन टीम्स आणि तिघांचेही कोच वर्षानुवर्षं तेच, हे मला या सगळ्यामागचं मोठं कारण वाटतं. क्लबमध्ये १२-१३ वर्षांची मुलगी खेळत असते तेव्हापासून त्या भागातल्या प्रत्येक प्रशिक्षकाला माहिती असतं की ड्यूकला कुणाशी बोलायचं आणि वेकला कुणाशी. शिवाय रोजचा प्रतिस्पर्धी जर देशातला सगळ्यात भारी असेल तर तुमच्यापुढे दोनच रस्ते असतात, त्याच्याएवढं व्हा नाहीतर दरवर्षी मार खा.

हो, आणि टीम नॉर्थ कॅरोलिनाची म्हणजे सगळ्या मुली तिथल्याच असा गैरसमज करून घेऊ नका. मुली देशभरातून येतात, परदेशातूनही येतात. इंग्लंडची लूसी ब्रॉन्झ २००९ ला यूएनसीकडून हीच स्पर्धा जिंकली होती, इंग्लंडच्याच अलेसिया रूसो आणि लॉटी वुबेन-मॉय पण यूएनसीच्याच.

यूएनसीचं मात्र २०१२ नंतर अडलं. २०१८ ला फायनल हरले, २०१९ ला पेनल्टीवर हरले, आणि २०२२... ती मॅच आठवली तरी कसंतरी होतं. तीही कॅरीतच. यूसीएलए विरुद्ध २-० ने पुढे, मग २-१, आणि शेवटचे १६ सेकंद उरलेले असताना २-२! एक्स्ट्रा टाइममध्ये ३-२ हरले. १६ सेकंद म्हणजे काय हो, एक थ्रो-इन टाकायला तेवढे जातात. आणि पुढच्या वर्षी क्वार्टर फायनलला बीवाययू, म्हणजे ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीविरुद्ध हाफटाइमला ३-० ने पुढे होते, हरले ४-३. ती डॉरन्स यांची शेवटची मॅच ठरली हे तेव्हा कुणालाच माहिती नव्हतं.

कारण २०२४ च्या ऑगस्टमध्ये, सीझनची पहिली मॅच अगदी तोंडावर असताना, त्यांनी रिटायरमेंट जाहीर केली. त्यांचे असिस्टंट डेमन नाहास यांच्याकडे तात्पुरती जबाबदारी आली. टीममध्ये बऱ्याच जणी नव्या, १२ वर्षं टायटल नाही, आणि ज्याच्या नावाचं मैदान आहे तो माणूस बाजूला झालेला. खरंच, मैदानाचं नाव डॉरन्स फील्ड आहे! अशा जागी उभं राहून कोचिंग करायचं म्हणजे किती प्रेशर असेल विचार करा.

आणि मग तो वीकेंड. सेमीफायनलमध्ये यूएनसीसमोर ड्यूक, त्या स्पर्धेत नंबर वन सीड असलेली, शिवाय रॉबी चर्च यांनी आधीच सांगून टाकलेलं की हा माझा शेवटचा सीझन, म्हणजे मुली त्यांच्यासाठीही खेळत होत्या. यूएनसीने ३-० ने मॅच घेतली. ड्यूकच्या वाट्याला ते एक टायटल अजूनही आलेलं नाही, आणि मला चर्च यांच्यासाठी खरंच वाईट वाटलं, २४ सीझन देऊन शेवट शेजाऱ्याकडून हरून झाला. दुसऱ्या सेमीफायनलला वेकने स्टॅनफर्डला १-० हरवलं आणि पहिल्यांदाच फायनलला आले.

फायनलला पहिला हाफ कोरा. कुणीच कुणाला जागा देईना, आणि का देतील, एकमेकींना ओळखून असलेल्या टीम्स, एकाच कॉन्फरन्सच्या. ६२ व्या मिनिटाला यूएनसीला कॉर्नर मिळाला, बॉक्समध्ये सगळी गर्दी, आणि त्या कॉर्नरवरून गोल झाला, ऑलिव्हिया थॉमसच्या नावावर. तेवढाच. उरलेला जवळजवळ अर्धा तास वेकला बरोबरीचा गोल काही सापडला नाही, पण शेवटच्या शिट्टीपर्यंत मॅच हातातून गेली असं एकदाही म्हणता आलं नसतं. १९९२ ची फायनल ज्यांनी बघितली असेल त्यांना हे बघून काय वाटलं असेल! यूएनसीचं हे २२ वं एनसीएए टायटल. नाहास यांच्या नावापुढचं तात्पुरते हे नंतर निघालं, आणि त्यांची स्ट्रायकर केट फासे हिला त्या वर्षीची हर्मन ट्रॉफी मिळाली, म्हणजे कॉलेज सॉकरमधली सर्वोत्तम खेळाडू.

मुलांच्या बाजूचं अगदी थोडक्यात सांगते. तिथेही ड्यूक १९८६, यूएनसी २००१, वेक फॉरेस्ट २००७ असे चॅम्पियन झालेत आणि २०११ ची फायनल तर यूएनसी विरुद्ध शार्लट, म्हणजे परत दोन्ही नॉर्थ कॅरोलिनाच्याच, यूएनसी १-० ने जिंकले, आणि गंमत म्हणजे तेव्हाही यूएनसीचे कोच नवीनच होते, पहिलाच सीझन. त्यावर सविस्तर व्हिडिओ वेगळा करीन, त्यात सांगण्यासारखं भरपूर आहे.

आता आपल्या लोकांबद्दल. कॅरी, मॉरिसविल या भागात भारतीय किती आहेत ते इकडच्या मंडळींना सांगायला नको, आयटी आणि फार्मावाले ढिगाने, २०२३ ला मेजर लीग क्रिकेटच्या मॅचेससुद्धा मॉरिसविलला झाल्या. शनिवारी सकाळी इथल्या कुठल्याही सॉकर ग्राउंडवर जा, फोल्डिंगच्या खुर्च्या टाकून बसलेल्या आई-बाबांमध्ये एखादं तरी मराठी बोलणं कानावर पडतंच, "अगं पाणी पी आधी" वगैरे. पण यातले बरेच जण मुलीला क्लबमध्ये घालतात आणि कॉलेजची मॅच बघायला मात्र कधीच नेत नाहीत. असं नका करू. एनबीए किंवा कॉलेज बास्केटबॉलच्या मानाने तिकीट काहीच नाही, मैदान छोटं, तुम्ही पहिल्या रांगेत बसलात की मिडफिल्डर काय ओरडतेय ते शब्दन् शब्द ऐकू येतं. १०-१२ वर्षांच्या मुलीला टीव्हीवर जे कळत नाही ते तिथे एका हाफमध्ये कळतं, म्हणजे बॉल नसताना ती खेळाडू कुठे पळतेय, कितीदा मान वळवून मागे बघतेय, हे.

तर सीझनचं शेड्यूल आलं की तीन गोष्टी आधी शोधा. यूएनसी-ड्यूक मॅच कुठल्या तारखेला आहे आणि कुणाच्या घरी. वेक फॉरेस्ट चॅपल हिलला किंवा डरमला कधी येतंय, म्हणजे विन्स्टन-सेलमपर्यंत गाडी चालवायला नको. आणि नोव्हेंबरमध्ये ६४ चा ड्रॉ जाहीर झाला की यातल्या कुणाला पहिली राउंड घरच्या मैदानावर मिळालीये, कारण त्या मॅचला गर्दी कमी असते आणि खेळ मात्र नॉकआउटचा असतो. ज्यांची मुलगी इकडे क्लबमध्ये खेळतेय त्यांनी खाली लिहा, किती वर्षांची आहे, कुठल्या पोझिशनला खेळते, आणि रिक्रूटिंग म्हणजे कॉलेजचे कोच मुलींना कसे निवडतात यावर व्हिडिओ हवा असेल तर तेही सांगा, त्याची तयारी मी सुरू केलीच आहे. भेटू मंडळी!